साडूंचे सहा किलो

आमच्या मोठ्या साडूंइतका परोपकारी माणूस अख्ख्या बडोद्यात नाही, आणि ज्याला दारात पाहून लोक देवाचं नाव घेऊ लागतात असाही दुसरा कोणी नाही. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. सुभानपुऱ्यातल्या एकाच तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि ते आमच्या डोक्यावर, तिसऱ्यावर. पस्तीस वर्षांचा शेजार आहे, त्यामुळे मी जे सांगतो आहे ते ऐकीव नाही. कोणी आजारी असल्याचं कळलं की साडू भेटायला जातात, प्रेमानं विचारपूस करतात, आणि निघताना एकदा जिन्याकडे बघून घेतात. एवढ्यानंच पेशंटच्या घरच्यांचा धीर सुटतो. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यांना साधं पडसं झालं होतं, तर साडू येताना दिसल्याबरोबर ते सुनेला म्हणाले, "सांग, मी पादरा गावाला गेलोय, आठ दिवस येत नाही." कोणाच्या घराची वास्तुशांत असली की इतर पाहुणे फरशी पाहतात, ओटा पाहतात, देवघराची दिशा पाहतात. आमचे साडू जिन्यात उभे राहून वळणाची रुंदी वितीनं मोजतात. एकदा त्यांनी यजमानांना मनापासून सांगितलं, "जागा झकास आहे. फक्त दुसऱ्या वळणावर जरा तिरकं घ्यावं लागेल." यजमानांना वाटलं, कपाटाबद्दल बोलताहेत. त्यांनी आनंदानं मान डोलावली.

साडू मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात होते. मोठाली यंत्रं दोरखंडानं नि साखळ्यांनी बांधून क्रेनला लावायची आणि इकडची तिकडे हलवायची, त्या टोळीचे ते फोरमन. कुठल्या वस्तूचं वजन कुठं एकवटलेलं आहे, ती कुठून धरली म्हणजे कलणार नाही, हे त्यांना नुसतं पाहून कळायचं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतले एक गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर वारले, आणि त्यांना खाली कसं आणायचं यावर जिन्यात आठ माणसं आठ मतं देत उभी होती. साडू बाही सारून पुढे झाले. म्हणाले, "मतं नकोत, चार माणसं द्या." त्या दिवसापासून बडोद्यातल्या मराठी घरांत असा प्रसंग आला की डॉक्टरांच्या पाठोपाठ फोन साडूंना जायचा. त्यांची पद्धत ठरलेली. जाड सुती चादर, चार कोपऱ्यांना चार गाठी, पाय पुढे, डोकं वर. जिना उतरताना सगळा भार खालच्या दोघांवर येतो, म्हणून खालची डावी बाजू कायम त्यांची. ते पाठमोरे उतरत. पायऱ्या मोजत उतरत, हलक्या आवाजात, वरच्या माणसांना ऐकू जाईल एवढंच. "सात. आठ. नऊ. वळण." शंभर किलोचे एक वकील त्यांनी चौथ्या मजल्यावरून असे उतरवले होते की त्यांच्या कपाळावरचा बुक्का हलला नाही. खाली आल्यावर तिरडी बांधायची तीही त्यांनीच. हे सगळं झालं की घरी येऊन अंघोळ करायची आणि जेवायला बसायचं. त्या दिवशी त्यांना भूक नेहमीपेक्षा जास्त लागे. आमच्या थोरल्या मेहुणीबाई अशा दिवशी कणीक दीडपट भिजवत.

या विषयावर त्यांच्याशी मोकळेपणानं बोलणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे माझी आई. आई तेव्हा अठ्ठ्याऐंशीची. वजन जेमतेम चव्वेचाळीस किलो, जीभ मात्र शाबूत. साडू वर जाता-येता आमच्याकडे डोकावत, तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसत, आणि दोघं मिळून गेलेल्या लोकांची उजळणी करत. कोण किती सोपं गेलं, कोणाला उतरवताना कठडा आडवा आला, कोणाच्या जावयानं ऐन वेळी पाठदुखी काढली. दुसऱ्या घरात हे बोलणं कोणी चालू दिलं नसतं. आई मात्र गालातल्या गालात हसत ऐकायची. एकदा ती त्यांना म्हणाली, "दादा, मी काही जड नाही. पण हलकी आहे म्हणून मला कोणाच्याही हातात देऊ नका. माझी खालची बाजू तुम्हीच धरा." साडू स्टुलावरून उठून तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "काकू, शब्द दिला." मी तिथंच वर्तमानपत्र वाचत होतो. मी वैतागून म्हणालो, "सकाळच्या वेळी दुसरं काही बोला की." दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी साडूंचे एक जिवलग मित्र गेले. कारखान्यातले सहकारी, अंगानं भरभक्कम. उचलायला आलेले चौघेही पासष्टीच्या पुढचे, कारण सगळ्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर कॅनडात. साडूंनी खालची बाजू नेहमीसारखी सांभाळली, पण वरच्या एकाचा हात सुटला आणि मित्राचं डोकं कठड्यावर आपटलं. लागण्याच्या पलीकडे गेलेला माणूस तो. पण वर दारात मित्राची बायको उभी होती, आणि तिच्या तोंडून "अहो, लागलं का?" असं निघून गेलं. ते वाक्य साडूंच्या मनातून जाईना. मग आठ दिवसांनी ते माझ्याकडे आले आणि कागद पुढे ठेवला. त्यावर आकडे घालून चार नावं लिहिलेली होती. साडूंना ज्या दिवशी उतरवायचं त्या दिवशीचे चार जण. पहिला मी, वय एकसष्ट, डावा गुडघा कामातून गेलेला. दुसरे पहिल्या मजल्यावरचे गुजराती शेजारी, ज्यांना सगळी इमारत मोटाभाई म्हणते, वय सहासष्ट, हृदयात स्प्रिंग बसवलेली. तिसरे संस्कृतचे निवृत्त मास्तर, वय चौऱ्याहत्तर, उत्साह दांडगा. चौथ्या आकड्यापुढे आधी लिहिलेलं नाव खोडलेलं होतं. ते त्या गेलेल्या मित्राचं होतं. त्याच्या शेजारी साडूंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "बघू."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी आमच्याकडून चक्क तालीम करून घेतली. चौथे म्हणून शेजारच्या इमारतीतले निवृत्त पोस्टमास्तर होते. बिचारे चहाला म्हणून आले होते. साडूंनी तिसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या तोंडाशी चादर अंथरली, तिच्यावर आडवे झाले, हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटून हुकूम सोडायला सुरुवात केली. "मोटाभाई, कमर नका वाकवू, गुडघे वाकवा. मास्तर, श्लोक नंतर, आधी गाठ धरा." मेहुणीबाई दारात उभ्या राहून, "अहो, उठा म्हणते ना! घरात लाज म्हणून काही चीज आहे की नाही?" असं ओरडत होत्या आणि त्यांना रडू आवरत नव्हतं. आम्ही धापा टाकत अर्धा मजला उतरलो, तेवढ्यात तळमजल्यावरच्या बेन आठवड्याची भाजी घेऊन आमच्याकडे निवडायला वर येत होत्या. त्यांनी समोरचं दृश्य पाहिलं, हातातली पिशवी टाकली आणि किंचाळल्या, "हाय हाय! काका क्यारे गया?" साडूंनी आडव्याआडव्याच एक डोळा उघडला आणि शांतपणे सांगितलं, "हजी नथी गयो, बेन. प्रॅक्टिस चाले छे." जिनाभर वांगी घरंगळत होती. मला हसू आलं, त्यात दम लागलेला, गुडघ्यात कळ आली, आणि आम्ही साडूंना तिथंच वळणावर ठेवलं. कपाळावरचा घाम पुसत मी म्हणालो, "दादा, तुम्ही दिसता त्यापेक्षा जड आहात हो." सगळे हसले. साडू हसले नाहीत. ते उठले, चादर झटकून तिची चौकोनी घडी केली आणि वर निघून गेले. बोलण्याच्या ओघात आलेलं माझं एक वाक्य, पण पुढे जे झालं त्याची सुरुवात मी तिथून धरतो.

साडूंचं वजन तेव्हा शहात्तर किलो. सत्तर वर्षांच्या उंच माणसाला शोभेल असंच. त्यांना ते सत्तरवर आणायचं होतं. वजन उतरवायचं हल्लीचं इंजेक्शन त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं, की भूक मरते. ते मला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर चांगले होते. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "काका, हे औषध ज्यांचं वजन खरंच खूप जास्त आहे त्यांच्यासाठी. पाच-सहा किलोंसाठी नसतं." साडू म्हणाले, "डॉक्टर, पाच-सहा किलो तुम्हाला कमी वाटतात, कारण तुम्ही जिन्यात माणूस उचललेला नाहीत." डॉक्टरांना अर्थातच काही कळलं नाही. त्यांनी साडूंना परत पाठवलं. साडू महिनाभर दर सोमवारी त्यांच्यापुढे जाऊन बसले. रक्तातली साखर थोडी काठावर होती, तिचा आधार घेऊन शेवटी डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि तीन अटी घातल्या. दर महिन्याला दाखवायला यायचं, डाळी-पनीर-दही भरपूर खायचं, आणि रोज हातापायांचा व्यायाम करायचा, हलकी वजनं उचलायची, नाहीतर या वयात चरबीबरोबर ताकदही उतरते. पहिली अट साडूंनी पाळली. दुसरी पाळायला भूकच उरली नाही. तिसरी त्यांना अपमानाची वाटली. जिना उतरताना मला म्हणाले, "मला सांगतोय वजनं उचला! आयुष्यभर दुसरं काय केलं?"

इंजेक्शनांचं खोकं फ्रिजच्या दारात, लोण्याच्या डब्याशेजारी विराजमान झालं. दर गुरुवारी सकाळी साडू अंघोळ करून, देवाला नमस्कार करून, सोफ्यावर बसून ते टोचून घेत. ज्या माणसाला रविवारी दोन प्लेट सेव-उसळ आणि वर तर्री मागून घेताना आम्ही पाहिलं होतं, तो माणूस अर्धी पोळी ताटात ठेवून खिडकीबाहेर बघत बसू लागला. पहिले काही आठवडे मळमळत असे, मग तेही थांबलं. मी एकदा विचारलं, "भूक लागतच नाही का हो?" तर म्हणाले, "लागत नाही असं नाही. आठवत नाही." गणपतीत त्यांचा अकरा उकडीच्या मोदकांचा शिरस्ता होता. त्या वर्षी त्यांनी एक घेतला, त्यावर तूप घातलं, आणि बराच वेळ त्याच्या कळ्यांकडे नुसतं पाहत राहिले. मेहुणीबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसत म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी यांच्या भुकेला पुरेल एवढा स्वयंपाक केला. आता काय करायचं आणि कोणासाठी?" माझ्या बायकोनं त्यांना पाणी दिलं. त्या पुढे म्हणाल्या, "मला म्हणतात, तुझ्याच सोयीसाठी चाललंय. माझी कसली सोय? हा माणूस समोर बसून जेवला तर माझी सोय." खरं म्हणजे त्याच वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून काहीतरी म्हणायला हवं होतं. पण साडूंच्या चेहऱ्यावर एक टवटवी आली होती, पोट सपाट झालं होतं, पँटला नवा पट्टा आला होता, आणि भेटेल तो त्यांना म्हणत होता, "काका, जवान लागो छो!" मीही म्हटलं. माणसाचं वजन उतरलं की त्याचं कौतुक करायची आपल्याला सवयच लागली आहे.

दिवाळीत काटा सत्तरवर आला. साडूंनी आम्हा चौघांना फराळाला बोलावलं, चिवड्याच्या बशा पुढे ठेवल्या आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, "सहा किलो गेले. म्हणजे प्रत्येकी दीड किलो कमी झालं तुमचं." मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मोटाभाई म्हणाले, "आभार, काका," आणि चकलीसाठी हात पुढे केला. साडूंना खरोखर कृतार्थ वाटत होतं. मुलगी कॅनडात, ती वेळेवर पोचेल न पोचेल. आपलं शेवटचं ओझं ज्यांच्यावर पडायचं त्यांची त्यांनी सोय लावली होती. असला आनंद मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही, आणि हसावं की रडावं ते मला त्या दिवशी कळलं नाही. आम्ही खाली उतरताना तेही आईला ही बातमी सांगायला आमच्याकडे आले. आईनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "हात बघू." तिनं आपल्या सुरकुतलेल्या बोटांनी त्यांचा दंड चाचपला आणि तिचा चेहरा उतरला. "अहो दादा, बाही रिकामी झाली की." साडू हसण्यावारी नेऊन वर गेले. त्याच आठवड्यात त्यांच्या हातून लोणच्याच्या बरणीचं झाकण निघालं नाही, म्हणून मेहुणीबाई ती घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मी ते उघडून दिलं आणि विसरून गेलो.

आई गेली ती वासी उत्तरायणच्या दिवशी. आदल्या दिवशी संक्रांतीला तिनं गॅलरीत उन्हाला बसून पतंग पाहिले होते, चमचाभर उंधियू आणि जिलबीचा तुकडा खाल्ला होता. सकाळी चहा घेऊन गेलो तर ती उठली नाही. डॉक्टर येऊन गेले. साडू हाक मारायच्या आत खाली आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कामाला लागले. बायकांनी आईला अंघोळ घातली, हिरवं काठाचं लुगडं नेसवलं. गच्चीवर पाहुण्यांची गर्दी होती, गाणी मोठ्यानं वाजत होती. कोणीतरी वर जाऊन सांगितलं तशी गाणी थांबली आणि माणसं एकेक करून जिन्यात येऊन उभी राहिली. साडूंनी चादर अंथरली, चार गाठी मारल्या. वरच्या बाजूला मी आणि मास्तर. खालच्या बाजूला मोटाभाई आणि साडू. आई चव्वेचाळीस किलोंची, त्यात शेवटच्या महिन्यात आणखी वाळलेली. हिला तर साडू एकटेसुद्धा उतरवतील, असं माझ्या मनात आल्याचं मला आठवतं.

दुसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत आमच्या जिन्याच्या छत्तीस पायऱ्या आहेत. साडू पाठमोरे उतरू लागले. "एक. दोन. तीन." नेहमीचाच आवाज. पहिलं वळण नीट गेलं. अकरा, बारा. मी वरच्या कोपऱ्याला होतो, त्यांचा चेहरा मला समोर दिसत होता, मध्ये फक्त आई. चौदाव्या पायरीला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. सतराव्या पायरीला त्यांचा दंड थरथरायला लागला आणि गाठीवरची त्यांची बोटं एकेक करून सुटू लागली. त्यांनी दुसरा हात लावला. अठरावी पायरी उतरून ते वळणावर आले आणि म्हणाले, "थांबा." पस्तीस वर्षांत त्यांनी जिन्यात कधी "थांबा" म्हटलेलं नव्हतं. आम्ही थांबलो. त्यांच्या डोळ्यांत मी भीती पाहिली. आजवर कोणालाही उतरवताना ती तिथं कधीच आली नव्हती. मग माझ्या नजरेला नजर न देता ते म्हणाले, "कोणीतरी माझी बाजू घ्या."

खालच्या पायऱ्यांवर, गच्चीवरून आलेली मंडळी उभी होती. बोटांना मांजा कापू नये म्हणून पट्ट्या गुंडाळलेल्या, डोक्यावर रंगीत टोप्या. त्यांच्यातला एक जण पटकन टोपी काढून पुढे झाला. तळमजल्यावरच्या बेनचा जावई, सणासाठी नडियादहून आलेला, चांगला दणकट गडी. "लावो काका, मने आपो," असं म्हणून त्यानं साडूंच्या हातातली गाठ घेतली. माझ्या आईला त्यानं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. तिचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. आम्हाला वाट देण्यासाठी साडू भिंतीला पाठ टेकून उभे राहिले, आणि आई त्यांच्या छातीजवळून पुढे गेली. नव्या माणसाला आमचा जिना माहीत नव्हता. मला वाटलं, तो आता चुकणार. तेवढ्यात माझ्या पाठीमागून, वरच्या वळणावरून, आवाज आला. "एकोणीस. वीस. एकवीस." साडू तिथंच उभे राहून मोजत होते. त्या आवाजावर आम्ही पावलं टाकत गेलो. "सत्तावीस. वळण." छत्तीस म्हणाले तेव्हा आमचे पाय जमिनीला लागले होते. मग ते कठड्याला धरून खाली आले आणि त्यांनी तिरडी बांधायला घेतली. गाठी आवळायला त्यांना दोनदा मोटाभाईंना बोलवावं लागलं. स्मशानापर्यंत ते सगळ्यांच्या मागे, मोकळ्या हातांनी चालत होते.

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता. माझ्या आईनं आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही. एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि तीही तिला मिळाली नाही, असं मला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. दहाव्याचं सगळं आटोपल्यावर साडू माझ्याकडे आले आणि आईच्या रिकाम्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. ते इतके वाळलेले दिसत होते की माझ्या मनातलं ओठावर येईना. त्यांनीच सुरुवात केली. "मी सगळा वेळ हाच हिशेब करत राहिलो रे, की मला कोण उचलणार. मला अजून कोणाला उचलायचंय, ते डोक्यातच आलं नाही." मी म्हणालो, "दादा, चूक माझी आहे. त्या रविवारी तुम्हाला जड मी म्हणालो होतो." ते म्हणाले, "खरं तेच म्हणालास." आणि चेहऱ्यावर दोन्ही हात धरून ते रडले. ज्यांनी एवढ्या घरांतली रडारड डोळ्यांत टिपूस न आणता पाहिली होती, त्यांना रडताना मी प्रथमच पाहत होतो. माझा राग तिथंच संपला. उरलं ते वाईट वाटणं, आणि ते अजून आहे.

इंजेक्शन बंद झालं. भूक परत आली, मेहुणीबाई पुन्हा बडबडू लागल्या, आणि होळीपर्यंत सहातले चार किलो परत जागेवर आले. पण आले ते पोटावर. दंडावर नाही. डॉक्टरांनी सांगितलं की या वयात गेलेली ताकद मिळवायला वेळ लागतो, आणि सगळी मिळेलच असं नाही. तेव्हापासून साडू रोज सकाळी पाच किलो गव्हाची पिशवी खांद्यावर टाकून गच्चीपर्यंत चढतात आणि उतरतात. अजून कोणाचा फोन आला की जातात. चादर अंथरतात, गाठी मारतात, चार माणसं उभी करतात, आणि मग स्वतः वरच्या वळणावर उभं राहून पायऱ्या मोजतात. गेल्या रविवारी त्यांनी मला जिन्यात बोलावलं. गुंडाळलेली गादी चादरीत बांधलेली होती. म्हणाले, "आता तू शीक. पाठमोरं उतरायचं, खाली बघायचं नाही. वरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं, म्हणजे तोल जात नाही." गुडघा सांभाळत मी खालची डावी बाजू धरली आणि ते वर राहिले. छत्तीस पायऱ्या मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उतरलो. त्यांचे गाल पुन्हा भरले आहेत, पण डोळ्यांखाली काहीतरी सैल पडलं आहे ते पडलंच आहे. खाली पोचल्यावर त्यांनी माझे खांदे दाबून पाहिले आणि म्हणाले, "चालेल. तू आहेस म्हटल्यावर मला आता काट्यावर उभं राहायला नको."

मी काही फारसा देवभोळा नाही. पण त्या रविवारपासून रोज सकाळी, डोक्यावर गव्हाच्या पिशवीचे ते सावकाश पाय चढताना ऐकू आले की मी देवापाशी एक मागणं मागतो. म्हणतो, यांना उतरवायची वेळ माझ्यावर आणू नकोस. आणि मग घाबरून घाईघाईनं सांगतो, की आणलीसच, तर माझ्याशिवाय दुसऱ्या कोणावर आणू नकोस.